पहिली परीक्षा आधी, अर्ज मागून

मागच्या आठवड्यात न्यू जर्सीहून एका मराठी शिक्षिकेचा फोन आला. तिथल्या सरकारी हायस्कुलात त्या गणित शिकवतात. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे," म्हणाल्या, "प्रॉबेबिलिटी तिला इतकी सहज येते, की माझं फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असतं. ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचा हिशेब मांडणारी, व्हायचं म्हणते. घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. कृष्णवर्णीय मुलांसाठी या क्षेत्रात स्कॉलरशिप असतात असं ऐकलंय. सुरुवात कुठून करायची, ताई?"

हार्टफर्डला विमा कंपनीत लागल्यापासून असे फोन मला वर्षातून चार-पाच तरी येतात. कधी एखाद्या शिक्षकाचा, कधी ऑफिसात नव्याने आलेल्या मराठी सहकाऱ्याचा, तर कधी शेजारच्या मुलासाठी चौकशी करणाऱ्या काकांचा. दर वेळी तासभर बोलते, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अमुक सांगायचं राहिलंच. म्हणून या वेळी सगळं लिहून काढते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, आणि एखाद्या अशा मुलाशेजारी बसून त्याला अर्ज भरायला मदत करू शकणाऱ्या कुणाही मराठी माणसासाठी हे आहे. मुलाला स्वतःला सांगायचं असेल तरी याच क्रमाने सांगा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या क्षेत्रातल्या शिष्यवृत्त्यांची रक्कम कॉलेजच्या फीपुढे लहान असते. चार वर्षांचा खर्च त्यातून निघत नाही. पण ॲक्च्युअरीच्या वाटेवर मूल अडकतं ते दोन ठरलेल्या जागी: नोकरी लागण्याआधी पदरचे पैसे घालून द्याव्या लागणाऱ्या पहिल्या दोन परीक्षा, आणि या व्यवसायातला एकही माणूस ओळखीचा नसणं. शिष्यवृत्ती नेमकी तिथे उपयोगी पडते. हे ध्यानात ठेवलं की पुढचा क्रम आपोआप पटतो.

ॲक्च्युअरी करतो काय

मराठीत 'विमागणिती' हा चांगला शब्द आहे. तीस वर्षांच्या दहा हजार माणसांपैकी वर्षभरात किती दगावतील, किती गाड्या ठोकल्या जातील, पेन्शन फंडात आज किती पैसे असले म्हणजे चाळीस वर्षांनी निवृत्त होणाऱ्याला पुरतील, याचा हिशेब मांडणारा माणूस. अमेरिकेत यासाठी वेगळी डिग्री लागतेच असं नाही. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र काहीही चालतं. परीक्षा मात्र टळत नाहीत. आयुर्विमा, आरोग्य आणि पेन्शनकडे जाणारे सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजच्या परीक्षा देतात, घर-गाडी-अपघात विम्याकडे जाणारे कॅज्युअल्टी ॲक्च्युअरियल सोसायटीच्या. पहिल्या दोन परीक्षा दोन्हीकडे चालतात: 'पी' म्हणजे प्रॉबेबिलिटी आणि 'एफएम' म्हणजे फायनान्शियल मॅथेमॅटिक्स. हातात दोन्ही असल्या की पहिली नोकरी मिळण्याची खरी शक्यता निर्माण होते, आणि नोकरी लागली की पुढच्या परीक्षांची फी, पुस्तकं, अभ्यासाची भरपगारी सुट्टी हे सगळं बहुतेक कंपन्या देतात.

वेगळ्या शिष्यवृत्त्या कशासाठी

हा प्रश्न मराठी मंडळाच्या जेवणात मला हमखास विचारला जातो, कधी खऱ्या कुतूहलाने, कधी जरा कुरकुरत. म्हणून उत्तर नीट देते. या व्यवसायाचा आणि कृष्णवर्णीय समाजाचा जुना हिशेब आहे, आणि तो आकड्यांनीच लिहिलेला आहे.

१८८१ साली प्रुडेन्शियल कंपनीने ठरवलं, की हप्ता गोऱ्या माणसाइतकाच घ्यायचा, पण कृष्णवर्णीय विमाधारकाच्या मृत्यूनंतर रक्कम एक तृतीयांशाने कमी द्यायची. त्याच कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून, कृष्णवर्णीयांचा जास्त मृत्यूदर त्यांच्या रक्तातच आहे असा निष्कर्ष काढला. त्याला पुढच्याच वर्षी उत्तर दिलं ते केली मिलर यांनी. हॉवर्ड विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक. हॉफमनचेच आकडे घेऊन त्यांनी दाखवलं, की हा मृत्यूदर वंशाचा नाही, राहणीमानाचा आहे. हे मिलर जॉन्स हॉपकिन्समध्ये गणिताच्या पदव्युत्तर वर्गात गेलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. तिथली फी वाढली, परवडेना, आणि पदवी न घेताच त्यांना बाहेर पडावं लागलं. शिष्यवृत्तीचा विषय निघाला की मला नेहमी हेच आठवतं.

गोऱ्या कंपन्या नीट विमा देईनात तेव्हा समाजाने स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या. १८९८ मध्ये डरहॅमला स्थापन झालेली नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल त्यातली सगळ्यात नावाजलेली. तिथे १९३०च्या दशकात एसा स्पॉल्डिंग हे ॲक्च्युअरी म्हणून रुजू झाले. मिशिगन विद्यापीठातून शिकून आलेले स्पॉल्डिंग देशातले पहिले कृष्णवर्णीय ॲक्च्युअरी मानले जातात, आणि पुढे ते त्या कंपनीचे अध्यक्षही झाले. त्यांच्यानंतरही कित्येक दशकं ही संख्या अगदीच तुरळक राहिली. ज्याच्या घरात, गल्लीत, चर्चमध्ये ॲक्च्युअरी नाही, त्याला हा व्यवसाय अस्तित्वात आहे हेच कळत नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना. आपल्याकडून या बाजूला पाहण्याची रीत तेवढी जुनी आहे.

पायरी पहिली : 'पी' परीक्षेची तारीख

बहुतेकजण आधी शिष्यवृत्त्यांची यादी शोधतात. मी उलट सांगते. आधी 'पी'चा अभ्यास सुरू करा आणि तारीख घ्या. कारण साधं आहे. अर्ज वाचणाऱ्यांसमोर गणितात हुशार असलेली मुलं ढिगाने असतात. हा विद्यार्थी खरोखर याच वाटेने जाणार का, हे त्यांना ताडायचं असतं. त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा म्हणजे पास झालेली, किंवा निदान नाव नोंदवलेली, परीक्षा. काही शिष्यवृत्त्यांना तर एक-दोन परीक्षा पास असल्याशिवाय अर्जच करता येत नाही.

'पी'त ३० बहुपर्यायी प्रश्न असतात, वेळ तीन तास. गुण ० ते १० मध्ये मिळतात आणि ६ला पास. परीक्षा संगणकावर, प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांत होते, वर्षातून अनेकदा. फी अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात जाते. पास-नापासाचा प्राथमिक निकाल तिथेच पडद्यावर दिसतो. ते पहिल्यांदा देणाऱ्या मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर बिचारं दचकतं. बसणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं नापास होतात. यातही हार मानण्यासारखं काही नाही. माझ्या ओळखीचे उत्तम ॲक्च्युअरी एखादी तरी परीक्षा दोनदा दिलेले आहेत.

अभ्यासाचा रूढ हिशेब असा : परीक्षेच्या दर तासामागे शंभर तास. म्हणजे 'पी'साठी तीनशे. रोज दोन तास धरले तर पाच महिने. कॅल्क्युलस झालेलं असायला हवं. हायस्कुलातल्या मुलीने कॅल्क्युलसचा वर्ग पूर्ण केला असेल तर ती सुरुवात नक्की करू शकते. सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीज स्वतः शेकडो नमुना प्रश्न उत्तरांसह फुकट देते. महागडं अभ्याससाहित्य विकत घेण्याआधी ते संपवा.

खर्चाची बेरीज पाहा. फी, सरावाच्या प्रश्नसंचाची वर्गणी, केंद्रापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च, कॅल्क्युलेटर. एका परीक्षेला पाचशे डॉलरच्या पुढे सहज जातं. ज्या घरात आई दोन ठिकाणी नोकरी करते तिथे नापास होण्याच्या भीतीपोटी हे पैसे बाजूला काढलेच जात नाहीत. 'हुशार आहे पण परीक्षाच दिली नाही' अशी मुलं मी पाहिली आहेत ती यामुळे. परीक्षेची फी परत देणाऱ्या योजना व्यावसायिक संस्था आणि काही विद्यापीठांचे गणित विभाग चालवतात. त्यांची चौकशी विभागाच्या ऑफिसात जाऊन तोंडी करा. वेबसाइटवर त्या बरेचदा सापडत नाहीत.

कॅल्क्युलेटरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगी रडली आहे. परीक्षेत ठरावीकच मॉडेल चालतात. 'पी'ला टीआय-३०एक्सएस मल्टिव्ह्यू उत्तम. 'एफएम'ला बीए-टू प्लस घ्या. ही मुलगी आमच्याकडे इंटर्न म्हणून आली होती आणि एफएमच्या सरावात तिची कर्जहप्त्याची गणितं एकामागून एक चुकत होती. सूत्र बरोबर, आकडे बरोबर, उत्तर चूक. तिला वाटलं आपल्याला हे जमणारच नाही. मी तिच्याकडून बटणं एकेक करून दाबून घेतली. बीए-टू प्लस बंद करून पुन्हा चालू केला तरी आधीच्या गणितातले आकडे त्याच्या पोटात तसेच राहतात. मागच्या गणितातली 'एफव्ही', म्हणजे शेवटची रक्कम, नव्या गणितात मिसळत होती. दर गणिताआधी 'सेकंड' आणि मग 'एफव्ही' ही दोन बटणं दाबली की पाटी कोरी होते. एवढंच. घरात, वर्गात कुणी हे काम करणारं असतं तर तिला हे पहिल्या दिवशी कळलं असतं.

पायरी दुसरी : फाफ्सा

विद्यार्थी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर सरकारी मदतीचा हा अर्ज सगळ्यांत आधी भरायचा. तो फुकट असतो आणि नेहमीच्या वर्षी १ ऑक्टोबरला खुला होतो. कमी उत्पन्नाच्या घराला मिळणारं पेल ग्रँट परत फेडावं लागत नाही. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. खाजगी शिष्यवृत्त्यांपैकी कितीतरी याच अर्जाचे आकडे मागतात, आणि कॉलेजची स्वतःची मदतही याच्यावर बेतलेली असते. घाना, नायजेरिया, जमैकाहून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना फाफ्सा भरता येत नाही. त्यांनी थेट पुढच्या पायरीवर यावं.

पायरी तिसरी : आयएबीए

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक ॲक्च्युअरीज, सगळे आयएबीएच म्हणतात, ही संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. अमेरिका, कॅनडा, कॅरिबियन बेटं आणि आफ्रिका इथले कृष्णवर्णीय ॲक्च्युअरी आणि विद्यार्थी तिचे सदस्य आहेत. तिचं फाउंडेशन दरवर्षी शिष्यवृत्त्या देतं. मी कुणालाही एकच अर्ज भरायला सांगायची वेळ आली तर हाच सांगेन.

रक्कम महत्त्वाची आहेच. पण इथे तिच्याबरोबर माणसं मिळतात. वर्षातून एकदा मोठं संमेलन भरतं. तिथे विमा कंपन्या इंटर्नशिपसाठी मुलांच्या मुलाखती घेतात. विद्यार्थ्यांसाठी बूट कॅम्प असतो, त्यात मुलाखतीला कसं बसायचं, स्प्रेडशीटवर काम कसं करायचं, हेही शिकवतात. शहराशहरांत शाखा आहेत, हार्टफर्डलाही आहे. आमच्या त्या इंटर्नने पहिल्यांदा एका खोलीत आपल्यासारखे दिसणारे शेकडो ॲक्च्युअरी पाहिले ते संमेलनात. परत आली आणि त्याच आठवड्यात तिने पुढच्या परीक्षेचं नाव नोंदवलं.

म्हणून अर्जाच्या मुदतीची वाट पाहू नका. आधी विद्यार्थी सदस्य व्हायला सांगा, एखाद्या बैठकीला पाठवा, तिथल्या दोघा-तिघांशी बोलू द्या. निबंधात मग लिहायला खरं काहीतरी असतं.

पायरी चौथी : बाकीची यादी

एका साध्या वहीत किंवा शीटवर पाच रकाने आखा : नाव, यंदाच्या अटी, मुदत, लागणारे कागद, पाठवल्याची तारीख. 'यंदाच्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, त्याचं कारण खाली येईल.

पहिलं नाव ॲक्च्युअरियल फाउंडेशनचं, ही या व्यवसायाचीच सेवाभावी संस्था. तिथल्या ॲक्च्युअरियल डायव्हर्सिटी स्कॉलरशिपची सुरुवात दोन्ही व्यावसायिक संस्थांनी मिळून १९७७ मध्ये केली, २००८ पासून ती फाउंडेशनकडे आली. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकन आणि पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांसाठी ती घडली. अनेक वर्षं तिची रचना अशी होती : पहिल्या वर्षाला १,००० डॉलर, दुसऱ्याला २,०००, तिसऱ्याला ३,०००, चौथ्याला ४,०००. जसजसा विद्यार्थी वाटेवर टिकतो तसतशी रक्कम वाढते. ही कल्पना मला फार आवडते.

याच फाउंडेशनच्या इतर काही शिष्यवृत्त्या वंशाची अट न घालता सगळ्यांना खुल्या आहेत. 'ॲक्च्युअरी ऑफ टुमॉरो'ला चांगले गुण लागतात आणि परीक्षाही पास असाव्या लागतात. कर्टिस हंटिंग्टन यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीला प्राध्यापकाने नाव सुचवावं लागतं. म्हणजे आपल्या प्राध्यापकाला हे ठाऊक आहे ना, ते विद्यार्थ्याने आधी जाऊन विचारायचं. घर-गाडी विम्याकडे ओढा असेल तर सीएएस ट्रस्टची शिष्यवृत्ती पाहावी. ती कॅज्युअल्टी सोसायटीची आहे, आणि त्याच सोसायटीचं विद्यार्थी सदस्यत्व फुकट आहे. मोठ्या विमा कंपन्याही शिष्यवृत्ती देतात, बरेचदा इंटर्नशिपला जोडून. आणि ज्या विद्यापीठात मूल शिकतंय त्याच्या गणित विभागाची छोटी बक्षिसं विसरू नका. त्यांना अर्ज कमी येतात.

हायस्कुलातल्या मुलांसाठी ॲक्च्युअरियल फाउंडेशनची 'मॉडेलिंग द फ्यूचर चॅलेंज' ही स्पर्धा आहे. मुलांचा गट खऱ्या आकडेवारीवरून एखाद्या जोखमीचा अभ्यास करतो आणि वरच्या गटांना कॉलेजसाठी पैसे मिळतात. शिक्षकाने गट उभा करून दिला तर मुलं स्वतःच पुढे जातात. त्या न्यू जर्सीच्या बाईंना मी हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं.

'आणि आपल्या मुलांसाठी काय?' असं विचारणाऱ्या काकांना माझं उत्तर : वर सांगितलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याही मुलांना खुल्या आहेत, आणि आपल्या मुलांच्या घरी एखादा मामा नाहीतर आत्या या व्यवसायात असतेच.

अर्ज भरायला पैसे मागणारी, बँक खात्याचा नंबर मागणारी कोणतीही 'शिष्यवृत्ती' दिसली की पान बंद करा.

२०२३ नंतर काय बदललं

२९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात, प्रवेश देताना वंश विचारात घेणं घटनाबाह्य ठरवलं. निकाल प्रवेशांपुरता होता. पण त्यानंतर बऱ्याच विद्यापीठांनी आणि देणगीदारांनी शिष्यवृत्तीच्या अटींतूनही वंशाचा उल्लेख काढला किंवा शब्द बदलले. 'घरातला पहिला पदवीधर', 'या व्यवसायात कमी प्रतिनिधित्व असलेल्या समाजाशी बांधिलकी', अशा अटी आता जास्त दिसतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी काय भरलं त्यावर विसंबू नका, यंदाचा अर्ज शब्दन्‌शब्द वाचा. नावातून 'ब्लॅक' हा शब्द गेला म्हणून ती शिष्यवृत्ती आता आपली नाही असं समजून अर्जच न करणारी मुलं मला भेटली आहेत. त्यांना जाऊन सांगा, की दार तेच आहे, पाटी बदलली आहे.

त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही लिहिलं आहे, की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी सांगत असेल तर विद्यापीठाने ते विचारात घ्यायला मनाई नाही. निबंध लिहायला बसताना हे मनाशी असू द्या.

पायरी पाचवी : निबंध

इथे घाई नको. आमच्या इंटर्नचा पहिला खर्डा मी वाचला तेव्हा त्यात लिहिलं होतं, की लहानपणापासून मला गणित आवडतं, मी मेहनती आहे, ॲक्च्युअरी हे उत्तम करिअर आहे. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ते वाक्य कुणीही लिहिलं असतं.

मी तिला विचारलं, तुझ्या घरात विमा हा शब्द पहिल्यांदा कधी ऐकलास? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आजीच्या कपाटात एक छोटी वही आहे. हाताच्या तळव्यात मावेल एवढी, कोपरे दुमडलेली. आजीची आई दर आठवड्याला दारावर येणाऱ्या एजंटाला काही सेंट द्यायची, आणि तो त्या वहीत सही करायचा. पुरण्याच्या खर्चासाठीचा विमा. कृष्णवर्णीय घरांत हा विमा पिढ्यान्‌पिढ्या घेतला जायचा, कारण मेल्यावर तरी कुणापुढे हात पसरायला लागू नये. लहानपणी या मुलीने ती वही हातात घेऊन बेरीज केली होती, आणि आजीला विचारलं होतं, एवढे भरले मग मिळाले एवढेच कसे?

निबंध तिथून सुरू झाला. वही, बेरीज, आजीला विचारलेला प्रश्न, आणि पुढे एवढंच, की हप्ता कसा ठरतो ते मला आतून शिकायचं आहे, म्हणजे पुढच्या आजीला कुणी उत्तर देऊ शकेल. एक पानभर. परीक्षा किती झाल्या, पुढची कधी, इंटर्नशिपमध्ये काय केलं, हे तीन वाक्यांत शेवटी.

मदत करणाऱ्याने प्रश्न विचारावेत, वाक्यं लिहून देऊ नयेत. आपल्याला मोह होतो. आपलं इंग्रजी नीटनेटकं असतं, आपण भराभर दुरुस्त करत जातो, आणि मुलाचा आवाज कधी गेला ते कळत नाही. व्याकरण तपासा, आवाजाला हात लावू नका. आणि गरिबीचं प्रदर्शन मांडायला तर चुकूनही सांगू नका. काय सांगायचं आणि काय घरात ठेवायचं हे तिचं तिने ठरवावं.

पायरी सहावी : शिफारसपत्र आणि कागद

शिफारसपत्र लिहिणाऱ्याला चार आठवडे तरी आधी विचारा. सोबत एक पान द्या : कोणती शिष्यवृत्ती, मुदत, विद्यार्थ्याने वर्गात केलेल्या दोन-तीन ठोस गोष्टी.

पत्र लिहिणारे तुम्हीच असाल तर एक विनंती. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असं लिहिलेलं असतं, आणि त्या वळणाने आपण लिहायला लागतो: सालस आहे, कष्टाळू आहे, आज्ञाधारक आहे. इथल्या वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. 'मी फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असतं' हे वाक्य लिहा. फोनवर बाई ते सहज बोलून गेल्या. ते तसंच्या तसं पत्रात जायला हवं, आणि जोडीला एखादा प्रसंग, जिथे ती चुकली आणि स्वतःच चूक शोधून काढली.

गुणपत्रकाचं काम कधीही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. एका मुलाचा सगळा अर्ज तयार होता, पण कॉलेजच्या ऑफिसात लायब्ररीचा जुना दंड थकलेला निघाला आणि तो भरल्याशिवाय अधिकृत गुणपत्रक सुटेना. दंड अकरा डॉलर. मुदत गेली. बहुतेक मुदती हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येतात, तेव्हा जानेवारीतच विद्यार्थ्याला ऑफिसात पाठवून काही थकबाकी नाही ना ते पाहून घ्या.

मुलाखत असेल तर एकदा घरच्या टेबलावर सराव करा. 'ॲक्च्युअरी काय करतो ते तुझ्या आजीला समजावून सांग' हा प्रश्न मी नेहमी विचारते. 'नापास झालास तर?' हाही विचारा. पुढची तारीख आणि अभ्यासात काय बदलणार, एवढं सांगता आलं की पुरे.

पैसे मिळाल्यानंतर

यशाच्या आनंदात दोन गोष्टी राहून जातात.

एक. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्याचं कॉलेजला कळवावं लागतं, आणि कॉलेज कधी कधी तेवढीच स्वतःची मदत कापतं. समजा कॉलेजने १८,००० डॉलरची मदत आणि ५,००० चं कर्ज दिलं आहे. बाहेरून ३,००० आले, आणि कॉलेजने आपली मदत १५,००० वर आणली, तर मुलाच्या हाती शून्य. म्हणून आर्थिक मदतीच्या ऑफिसला लेखी विनंती करा, की कपात आधी कर्जातून करावी. बरीच कॉलेजं मानतात, पण विचारल्यावरच. मेरिलँडमध्ये तर २०१७ पासून सरकारी विद्यापीठांना अशी मदत कापण्यावर कायद्याने बंधन आहे. बॉल्टिमोरच्या मॉर्गन स्टेटसारख्या, ॲक्च्युअरियल सायन्स शिकवणाऱ्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोन. ट्यूशन, फी आणि सक्तीची पुस्तकं यांवर खर्च झालेल्या शिष्यवृत्तीवर कर लागत नाही. राहण्या-जेवणावर वापरलेला भाग मात्र उत्पन्न धरला जातो. पावत्या एका पाकिटात जपून ठेवायला सांगा.

नकार आला तर काय चुकलं ते एका मेलमध्ये नम्रपणे विचारून पाहावं. सगळे उत्तर देत नाहीत, काही देतात. दरम्यान आणखी एक परीक्षा पास झाली, की पुढच्या वर्षीचा अर्ज मुळात वेगळा असतो. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या मुलाखती आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच सुरू होतात, त्यामुळे शिष्यवृत्ती हुकली तरी ती तारीख हुकवू नका. इंटर्नशिपचा पगार यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांपेक्षा मोठा असतो.

आपल्यापैकी जे स्वतः या व्यवसायात आहेत त्यांनी ॲक्च्युअरियल फाउंडेशनच्या 'मॅथ मोटिव्हेटर्स'मध्ये स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं. कमी साधनांच्या शाळांतल्या मुलांना गणित शिकवायचं असतं. मी दर आठवड्याला तासभर देते.

न्यू जर्सीच्या बाईंना फोन ठेवताना मी एकच काम सांगितलं होतं : 'पी'चे नमुना प्रश्न काढा, पहिले दहा छापा आणि उद्या मुलीच्या हातात द्या. घड्याळ लावू नका, नुसतं सोडवू दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. दहापैकी आठ बरोबर. चुकलेल्या दोन्ही गणितांत वेनच्या आकृतीतल्या मधल्या तुकड्यातली, म्हणजे तिन्ही गटांत मोडणारी माणसं परत मिळवायला ती विसरली होती. सोमवारी सुट्टीत दोघी ते घेऊन बसणार आहेत.